लाल पिंप

तेकाराबाईच्या तोंडाला बेटावर सगळेच वचकून असत. पावाच्या भट्टीशी उभी राहून ती दिवसभर शिव्या घालायची, आणि उरलेला पाव शेजाऱ्यांच्या पोरांना फुकट वाटायची. नवरा दम्याने गेला तेव्हा ऑक्सिजनचं यंत्र त्याच्या उशाशीच होतं; जनरेटरला डिझेल नव्हतं. तेव्हापासून ती बायकांची प्रतिनिधी म्हणून बेटाच्या पंचायतीत भांडायला बसली. डिझेल आणणारं जहाज कितीही लांबो, एक पिंप डिझेल फक्त दवाखान्यासाठी राखून ठेवायचं, हा ठराव तिने भांडूनच करून घेतला. पिंपाला लाल रंगही तिनेच फासला.

ते पिंप बघायला राजधानीहून, तरावाहून, साहेब लोक आले. इंधन तुटलं तर बेटाने काय करायचं, याच्या योजनेचं उद्घाटन होतं. पाहुणा आला की आमच्या बेटाची अक्कल गहाण पडते. मनेआबाच्या, म्हणजे गावसभेच्या मोठ्या छपराखाली सगळं गाव जमलं, डुकरं कापली, नाचणाऱ्यांच्या मानेवर कौतुकाने पावडर उधळली. गाण्याला माइक हवा, दिवे हवेत, साहेबांना गार पाणी हवं. जनरेटर धडधडत राहिला. रोजचं डिझेल संपलं, तेव्हा गाण्याच्या गलक्यात, साहेबांना कळणार नाही असं, म्हाताऱ्यांनी लाल पिंप उघडायला सांगितलं.

तेकारा उठून उभी राहिली. "हात लावाल तर याद राखा! ते आजाऱ्यांचं आहे."

"खाली बस गं," सर्वांत वडील नाबुती आजोबा म्हणाले. "पाहुण्यांना अंधारात बसवून बेटाचं नाक कापतेस? जहाज येईलच की."

"नाक राहील आजोबा, श्वास जाईल त्याचं काय?"

लोक हसले. पंचायतीच्या अध्यक्षाने, उरियामने, तिला दंडाला धरून खाली बसवलं. साहेबांनी पिंप आल्या आल्या पाहिलं होतं, तोंडापर्यंत भरलेलं. ते शाबासकी देऊन विमानात बसले, तोवर ते पार रिकामं झालं होतं.

जहाज आलंच नाही. आणि शेजारच्या ताओतिनच्या तान्ह्या मुलीची छाती भरली. ओठ निळे पडू लागले तशी नर्स यंत्राशी धावली. पंचायतीच्या ट्रकच्या टाकीत तळाशी थोडं डिझेल होतं, तेकाराने ते उपसून जनरेटरमध्ये ओतवलं. मग उरियामला ओढत रेडिओपाशी नेलं.

"तुमचं बेट तर सगळ्यांत सज्ज!" तरावाचे साहेब खुशीत म्हणाले. "तुमच्याकडे राखीव पिंप आहे. जहाज आधी बाकीच्या बेटांना जाईल."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि आमचा शहाणा उरियाम म्हणतो कसा, "बरं साहेब, आभारी आहे."

तेकाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आभार कसले मानतोस मेल्या? सांग ना पिंप रिकामं आहे!"

"कसं सांगू बाई? त्यांच्याच पाहुणचारात जाळलं. त्यांना किती ओशाळल्यासारखं होईल. आणि सगळी बेटं ऐकताहेत."

"ऐकू देत!" तिने माइक हिसकावला. "मी तेकारा बोलतेय. पिंप रिकामं आहे. तुमच्या गाण्यात, तुमच्या गार पाण्यात गेलं ते. आम्ही मूर्ख, आम्ही ओतलं. पण तुम्ही योजना शिकवायला आलेले ना? दिवे कशावर जळताहेत, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही? इथे एक पोर गुदमरतेय. जहाज वळवा, नाहीतर तिच्या मयताला या. तेव्हाही नाचू तुमच्यापुढे!"

मग साहेबांनी जहाज वळवतो म्हणून सांगितलं. ते येईतो ट्रकचं डिझेल कसंबसं पुरलं आणि मुलगी वाचली.

पुढच्या बैठकीत म्हाताऱ्यांनी निवाडा केला. पिंप कोणी उघडायला लावलं, यावर अवाक्षर नाही. तेकाराने मात्र पाहुण्यांचा चारचौघांत अपमान केला, म्हणून तिला दंड: एक डुक्कर.

ती तडक उठली. घरी गेली आणि दोन डुकरं ओढत आली. दोन्ही मनेआबाच्या खांबाला बांधली.

"एकच सांगितलं होतं," उरियाम म्हणाला.

"एक झाल्या बोलण्याचं," ती नाबुती आजोबांकडे बघत म्हणाली. "दुसरं पुढच्या वेळचं. आत्ताच घ्या, कारण तेव्हाही मी गप्प बसणार नाही."