सासऱ्यांच्या ट्रकवरची क्लीनर

माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य खनिजाचा ट्रक चालवण्यात गेलं. पाळीच्या खाणीवर माल भरायचा, जेटीवर रिकामा करायचा. म्हातारपणी विसरण्याचा आजार जडला. नातवंडं पुसली गेली, सासूबाईंचं जाणं पुसलं गेलं. ट्रक तेवढा राहिला. दारापुढच्या बाल्कांवातला बसायचा सोपा ही त्यांची सीट, जेवणाचं ताट हे स्टेअरिंग आणि मी क्लीनर.

"अरे, झोपलास काय? मागे बघ!" ते ओरडले की मी चुलीवरचं टाकून अंगणात धावायची. "येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"

माल रिकामा झाल्याशिवाय ते जेवत नसत. ताट हातातून सुटायचं नाही, म्हणून जेवण केळीच्या पानावर. गाडी धुवायची म्हटलं की आंघोळीला निमूट येत, पण टायर आधी, म्हणून पायांपासून सुरुवात. नवरा पेडण्याला विमानतळावर कामाला. घरी आला की विचारायचा, "आज किती फेऱ्या?" आम्ही दोघं हसायचो.

एकदा त्यांना दवाखान्यात नेलं. नर्सने विचारलं, "यांचं सगळं कोण बघतं?"

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"कोण नाही. मी घरीच असते."

"हा माझा क्लीनर," सासरे म्हणाले.

"पगार काय देता?" नर्सने त्यांना विचारलं.

"पगार कसला? जेवूनखाऊन असतो."

ती हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "आणि गो, तू झोपतेस कधी?"

सांगायला तोंड उघडलं आणि मला हुंदकाच फुटला. सासऱ्यांनी दचकून ब्रेक दाबला. नर्सने त्यांच्याआधी माझं प्रेशर बघितलं. माझं जास्त निघालं. "बघणारी तूच गो," ती म्हणाली. "घरी आजारी माणूस सांभाळणारे गुरुवारी दुपारी इथे बसतात. ये तू."

पण ट्रक क्लीनरशिवाय कसा सोडायचा? त्याच संध्याकाळी नवऱ्याने मुळगावच्या एका निवृत्त ड्रायव्हरला फोन केला. सासऱ्यांचा जुना सोबती. गुरुवारी तो आला, सोप्यावर टेकला.

"बदली आला? बस," सासरे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला थोडं लागलं.

दवाखान्यातल्या मागच्या खोलीत पाच-सहा जणं होती. मये गावचे एक मास्तर सांगत होते, की त्यांची आई घराला बस समजते आणि काल तिने त्यांना तिकीट नाही म्हणून उतरवलं. "तासभर माझ्याच दारात उभा होतो. शेवटी शेजाऱ्याकडे जेवलो." आम्ही पोट धरून हसलो. मग मास्तरांनी डोळे पुसले आणि कोणीही त्यांना 'रडू नका' म्हटलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, "मी सासऱ्यांना सांभाळते. दमते मी."

परतताना नाक्यावर भजी-पाव घेतला आणि बाकावर बसून एकटीने, गरम असतानाच खाल्ला.

घरी पोचले तर सोप्यावर दोघं म्हातारे तोंड फिरवून बसलेले. ओव्हरटेकवरून भांडण झालेलं. मुळगावकर रागाने निघाला. फाटकाशी थांबून मला म्हणाला, "पुढच्या गुरुवारी मी चालवणार. सांगून ठेव त्याला."