अनुजाच्या नऊ फुल्या

लेखीत पन्नासपैकी शेहेचाळीस आणि तोंडीत एकोणीस. पास व्हायला पंचवीस लागतात. विद्यापीठाच्या फळ्यावरचा तो कागद अनुजाने तीनदा वाचला आणि चौथ्यांदा वाचण्याऐवजी सरळ लिन बाईंच्या खोलीत घुसली.

"बाई, माझं चुकलं काय ते दाखवा. एक शब्द चुकीचा बोलले नाही मी."

लिन बाई तैवानच्या. सहा वर्षं इथे चिनी शिकवतात, मराठी मोजकंच बोलतात, पण नेमकं. त्यांनी तपासणीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"चूक नाही. थांबतेस."

परीक्षेचा नियमच तसा होता. पहिल्या भागात तीन मिनिटं सलग बोलायचं. ते रेकॉर्ड होऊन दुसऱ्या परीक्षकाकडे जाणार, म्हणून समोर बसलेल्या बाईंनी मध्ये हूं की चूं करायचं नाही. बोलणारी तीन सेकंदांहून जास्त गप्प राहिली की एक फुली. अनुजाच्या कागदावर नऊ फुल्या होत्या.

"वाक्य येतं, मग शांत. वाक्य येतं, मग शांत," बाई म्हणाल्या. "पाठ केलंस आणि विसरलीस. महिन्याने पुन्हा घेईन. एकदाच."

विसरली? अनुजाचे कान तापले. दर शनिवारी पहाटे वेंगुर्ल्याहून एसटी धरायची, फोंडाघाट चढताना खिडकीला कपाळ टेकून वाक्यं घोळवायची, ती काय विसरण्यासाठी?

हे चिनी तिच्या डोक्यात काही हौसेने शिरलेलं नव्हतं. वेंगुर्ल्यातल्या ज्या काजूच्या कारखान्यात तिची आई सावित्री गर सोलते, तिथे दोन वर्षांपूर्वी जितेंद्रशेटने चीनहून मशीन आणली. चार महिन्यांत ती अडली. पडद्यावर सगळी चिनी अक्षरं. व्हिडिओ कॉलवर तिकडचा मिस्त्री चिनीत ओरडतोय, इकडून शेट हिंदीत ओरडतोय, आणि अठरा बायका हात चोळत भिंतीला टेकून बसल्यात. अकरा दिवस काम बंद आणि अकरा दिवस मजुरी बंद. मशीन शेटची, भाषा चिनी, आणि उपास बायकांना! अनुजा तेव्हा बी.कॉम.ला होती. आईचं तोंड बघून तिने फोनवर चिनी शिकायला घेतलं, मग विद्यापीठाची पहिली पातळी केली, आणि आता ही मधली, जिच्यात बोलूनही दाखवायचं.

शेट आधी हसला होता. "चिनी शिकान काय मंचुरियनची गाडी लावतलंस?" पण पुढच्या वेळी मशीन अडली तेव्हा अनुजाने मिस्त्रीशी अडखळत बोलून दहा मिनिटांत पट्टा ताणून घेतला. तेव्हा शेटचा सूर बदलला. "मधल्या पातळीचो दाखलो जुलैपर्यंत आण, मशीन सांभाळूचां टेबल तुझां, पगारासकट. नायतर मी बाहेरचो माणूस आणतलंय."

आता तो दाखला एका तोंडी परीक्षेवर लटकला होता.

कोडं सोडवलं मिहीरने. हा तिच्या वर्गातला, शहरातला, जरा शिष्ट. कँटीनमध्ये त्याने तिला बोलायला लावलं आणि फोनवर चित्रण केलं.

"बघ. प्रत्येक वाक्याला तू हनुवटी वर करतेस आणि थांबतेस. कुणाची वाट बघतेस गं?"

अनुजाने फोन हातात घेतला. पडद्यावरची मुलगी वाक्य संपवून मान वर करून उभी होती. अगदी देवळात उभ्या राहणाऱ्या आपल्या बाबांसारखी.

तिचा बाप भिकाजी एसटीचा निवृत्त कंडक्टर. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर अख्ख्या गावाच्या वतीने बोलायचं: बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची आज ही विनंती आसा. प्रत्येक वाक्याला मागे उभी माणसं एका आवाजात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" ती हाक आली की मगच पुढचं वाक्य. अनुजा चिनी बोलायचा सराव घरापुढच्या खळ्यात करायची आणि भिकाजीला उभ्या जन्मात एकट्याने बडबडणारं माणूस बघवलं नव्हतं. म्हणून तो, सावित्री आणि शेजारची रुक्मिणीकाकी असे तिघे तिच्या प्रत्येक चिनी वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. दीड वर्ष, दर संध्याकाळी. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि एक वाक्य कुणी चुकवलं नव्हतं.

घरी येऊन तिने सांगितलं. "आजपासून कोणी व्हय म्हणूचां नाय."

"म्हणजे आमच्यामुळां पडलंस?" भिकाजीचा आवाज उतरला.

"तसां नाय ओ बाबानू..."

"तसांच तां," सावित्री म्हणाली. "बोल गो तू. आमी गप बसतो."

तिघे ओळीत बसले. रुक्मिणीकाकीने खबरदारी म्हणून पदर तोंडात कोंबला. अनुजाने पहिलं वाक्य टाकलं, दुसरं टाकलं. समोर सहा डोळे आणि शांतता. चौथ्या वाक्यानंतर तिची हनुवटी वर गेली ती खाली आलीच नाही. महिनाभर हेच चाललं, आणि रोज चौथ्या-पाचव्या वाक्याला गाडी अडायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भिकाजी तडकला. "आयकणारो गप रवलो तर बोलणाऱ्यान बोलूचां कसां? हो खंयचो न्याय? तुझ्या त्या बायेक विचार."

"परीक्षेत बाईंनी बोलूचां नसता."

"मगे ती बोलण्याची परीक्षा खंयची? टपालपेटीत तोंड घालून बोलल्यासारखांच तां!"

दुसऱ्या दिवशी लिन बाईंनी चिठ्ठी उचलायला लावली. विषय निघाला: तुमच्या गावातली एक पद्धत पाहुण्याला समजावून सांगा. अनुजाने जत्रेवरची वीस वाक्यं पाठ केलेली होती. ती तिने सुरू केली. तिसऱ्या वाक्याला हनुवटी वर गेली. शांतता. बाईंची पेन्सिल खाली आली. एक फुली. पाचव्याला दुसरी.

त्या दुसऱ्या फुलीने अनुजाचं टाळकं फिरलं. बापाचाच राग तो, वेळ-काळ बघत नाही. पाठ केलेली जत्रा तिने सोडून दिली आणि बाईंच्या डोळ्यांत बघून चिनीत म्हणाली:

"माझ्या गावात कुणी बोललं की ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं. तुम्ही देत नाही. मला वाटतं, तुम्ही ऐकतच नाही."

बाईंच्या भुवया वर गेल्या. नियम म्हणजे नियम, तोंड मिटलेलंच. पण आता अनुजाला त्यांच्या उत्तराची गरजच उरली नव्हती. तिने गाऱ्हाणं सांगितलं, देवळातला बाप सांगितला, तोंडात पदर कोंबलेली रुक्मिणीकाकी सांगितली. पदराला चिनी शब्द आठवेना, तेव्हा "लांब कपड्याचं टोक" म्हणाली आणि पुढे गेली. यातलं एकही वाक्य पाठ नव्हतं. तीन मिनिटांची घंटा झाली तरी ती बोलतच होती.

दुसरा भाग संवादाचा. यात बाईंना बोलायची मुभा. त्यांनी विचारलं, "पुढे उभा माणूस जे मागतो ते मागच्यांना पटलं नाही तर? तरी होय म्हणतात?"

"म्हणतात," अनुजा म्हणाली. "भांडण नंतर. घरी."

लिन बाई खळखळून हसल्या. त्यानंतर तिच्या प्रत्येक वाक्याला त्या मान हलवत म्हणत गेल्या, "त्वेइ." म्हणजे, बरोबर.

एकतीस गुण मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं: दोन फुल्या, स्वर कच्चे, राग जास्त.

दाखला घेऊन ती कारखान्यात गेली तेव्हा जितेंद्रशेटने तो उलटासुलटा करून बघितला. "बरां आसा. टेबलाचां आता पावसानंतर बघूया."

अनुजाने कोपऱ्यातली खुर्ची उचलली, सगळ्या बायकांच्या देखत मशीनपर्यंत ओढत नेली आणि टेबलाला लावून बसली.

"शेट, जुलै म्हटलेलात. जुलै चालू आसा."

अठरा बायकांचे हात थांबले. पहिला आवाज सावित्रीचा आला, बारीक, मान खाली घालून. मग सगळ्याच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" शेट एकवार सगळ्यांकडे बघून फोन कानाला लावत बाहेर गेला.

संध्याकाळी भिकाजी खळ्यात वाट बघत बसला होता. गुण त्याने विचारले नाहीत, टेबलाचंही विचारलं नाही.

"बायेन व्हय म्हटल्यान?"

"पयल्यांदा नाय. मगे म्हटल्यान."

"मगे ठीक," म्हणून त्याने पाट सरकवून तिला बसायला जागा केली.