काही गाळू नका

समोरचा माणूस बोलू लागला की टिपणीसकाका पेनाला टोपण लावून ठेवत. त्याचं सगळं सांगून झालं की मगच टोपण काढत. तेव्हा ते लंडनमधल्या एजवेअरचे कौन्सिलर होते आणि दर शनिवारी सकाळी लायब्ररीमागच्या खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत. मी नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून नुकतीच आलेली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी आणि घरी बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी. घरमालकाचं नाव घेतानाच मला रडू फुटलं.

"सगळं सांगा. काही गाळू नका," टिश्यूचा खोका पुढे सरकवत ते म्हणाले. "मला अर्धवट कळलं तर कौन्सिलला अर्धवटच कळणार."

सोमवारी ते स्वतः घरी आले, भिंतीवर तळहात टेकवला आणि तिथूनच मालकाला फोन लावला. महिन्याभरात भिंत दुरुस्त झाली. त्या माणसासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंही. ते पार्लमेंटला उभे राहिले तेव्हा मुलीला प्रॅममध्ये घालून मी त्यांची पत्रकं वाटली. दिवसभर आपली वकिलीची कामं उरकून संध्याकाळी ते दारोदार हिंडत आणि जे घर बोलवेल तिथे जेवत. "नको म्हटलं की मत गेलं गं," असं म्हणून हसत. तरी पडलेच.

"दोन भाषा येतात आणि घरात बसून काय करतेस? इंटरप्रिटर हो," हेही त्यांनीच सांगितलं. मी झाले. पुढे त्यांनी राजकारण सोडलं आणि ते इमिग्रेशन ट्रिब्यूनलमध्ये जज झाले. मग दिवाळीच्या कार्यक्रमातसुद्धा ते कडेला उभे राहू लागले. "यातला कोणीही उद्या माझ्यासमोर येऊ शकतो," म्हणायचे. मला ते शहाणपणाचं वाटे आणि जरा शिष्टपणाचंही.

त्यांच्यासमोर दुभाष्याचं काम करणं विचित्र होतं. मराठी त्यांना माझ्याइतकीच कळे, पण रेकॉर्डवर जायचं ते माझं इंग्रजी. ते संपेपर्यंत पेनाचं टोपण निघत नसे.

एक दिवस त्यांच्यासमोर कराडच्या कमलताई जगदाळेंचं अपील आलं. नवरा गेलेला, गुडघे संपलेले, नजर अधू. एकुलती एक लेक एजवेअरला. तिच्याजवळ राहू द्या, एवढंच मागणं होतं. डॉक्टरांची पत्रं भक्कम होती, सरकारी वकिलालाही फारसं काही विचारायचं नव्हतं. सुनावणी संपत आली तेव्हा कमलताईंनी मान वर केली.

"साहेब, तुमचा आवाज वळखला मी. मागं चार महिन्यांसाठी आले होते, तवा तुम्ही मतं मागाय आला होता. पिठलं-भाकरी खाऊन गेलाय आमच्यात. तुम्हीच म्हणला होता, आजी, आता लेकीपाशीच राहा."

हे इंग्रजीत सांगितलं की जजना केसमधून बाजूला व्हावंच लागणार. दोन्ही वकिलांना मराठी येत नव्हती. मी म्हणाले, "आजी आपले आभार मानताहेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. टोपण लावलेलंच होतं.

"दुभाष्यांनी सगळं सांगितलेलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "काही गाळू नका."

मी सांगितलं. त्यांनी या बाईंना आपण पूर्वी भेटल्याचं जाहीर केलं आणि सुनावणी थांबवली. काही महिन्यांनी दुसऱ्या जजसमोर तीच केस उभी राहिली आणि फेटाळली गेली. कमलताई कराडला परत गेल्या. चुकीचं सांगणाऱ्या दुभाष्याची तक्रार व्हायलाच हवी, माझी मात्र काकांनी केली नाही. म्हणजे नियम वाकवता येत होता. तो कोणासाठी वाकवायचा, एवढाच प्रश्न होता.

पुढे ते वरिष्ठ जज झाले. हॉलमधल्या सत्काराला सगळे जण त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल भरभरून बोलले. मी न जेवता घरी आले.

निवृत्तीनंतर त्यांना स्ट्रोक झाला आणि ते मुलाकडे रीडिंग गावी राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात मी डब्यातून मऊ भात घेऊन त्यांना भेटायला गेले. बोलणं अडखळत होतं, डोकं साफ होतं.

"त्या कराडच्या बाई," ते म्हणाले. "काय झालं त्यांचं?"

मला ठाऊक होतं. त्यांची लेक मला भाजीच्या दुकानात भेटली होती. आई रोज सकाळी फोन उचलायची, एक दिवस उचलला नाही. इथे ही किचनमध्ये फोन कानाला लावून उभी आणि तिकडे शेजारी दार फोडताहेत. मी तेवढं सांगितलं आणि थांबले.

काकांनी चांगला असलेला हात वर केला. "काही गाळू नकोस."

मग तेही सांगितलं. कमलताई शेवटपर्यंत लेकीला एकच विचारत होत्या, मी भाकरीचं बोलले तिथंच चुकले का गं?

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. भात तसाच होता. मी डब्याचं झाकण लावलं आणि स्टेशनवर आले. पुढच्या महिन्यात काका गेले.

मरायला टेकलेल्या माणसाला ते सांगायला नको होतं, असं नवरा म्हणतो. बरोबर आहे त्याचं. पण ते वाक्य मला गाळायचंच नव्हतं.