हात सैल सोड गं माय

मागच्या वर्षी मी बिदरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते. मी अंगणवाडीची कार्यकर्ती, म्हणून बोलावलं होतं. विषय होता मुलामुलींचं समुपदेशन. येताना एक फाईल, एक पेन आणि चिवड्याची पुडी मिळाली. चिवडा बसमध्येच संपला, पेन दुसऱ्या दिवशी लेकानं पळवलं, फाईल तेवढी राहिली.

ती फाईल बघून राजूबाई म्हणाली, "काय शिकवले गं अंबिका, दोन दिस?"

"लेकरांच्या डोळ्यांत डोळे घालून ऐकावं म्हणले."

"मग झालंच! डोळ्यात डोळे घातले तर पोटचं लेकरू बी खोटं बोलतंय. हात धरावं अन् खाली बघावं."

राजूबाई बांगड्या भरते. वय साठच्या पुढं, शाळा दुसरीपर्यंत. डोक्यावर पेटी घेऊन हुलसूरच्या आसपासची सात-आठ गावं पायी फिरते. मराठी घरात मराठी, लिंगायतांच्या घरात कन्नड, आणि बसच्या कंडक्टरशी भांडायचं असेल तर उर्दू. नवरा गेला तेव्हा बायका म्हणाल्या, हातातलं उतरव. ती म्हणाली, "दुकानदारानंच दुकान बंद ठिवून माल विकावं का?" तेव्हापासून तिच्या दोन्ही हातांत डझनभर बांगड्या आहेत आणि कुणी परत बोललेलं नाही.

काचेची बांगडी भरायची म्हणजे अंगठा आत मुडपायचा, बोटं जुळवायची आणि हात सैल सोडायचा. हात ताठ ठेवला की काच वाढते; फुटते म्हणायचं नसतं. म्हणून राजूबाई भरताना सारखी बोलत असते. चाळीस वर्षं असं बोलता बोलता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पोरीशी बोलताना ज्या शब्दावर हात एकदम कडक होतो, तिथंच काहीतरी दुखत असतं. एका पोरीचा हात 'संध्याकाळची बस' म्हटलं की दगड व्हायचा. राजूबाई तिच्यासोबत आठ दिवस त्या बसनं गेली. त्रास देणाऱ्या पोराच्या शेजारी बसून तिनं त्याच्या आजीपासून सगळ्यांची खुशाली विचारली, मोठ्या आवाजात. नवव्या दिवशी तो पोरगा सकाळच्या बसनं जायला लागला.

पण सांगायची आहे ती स्नेहाची गोष्ट.

स्नेहा आमच्या शेजारच्या सत्यभामाबाईंची मुलगी. गावात मराठी शाळा सातवीपर्यंत. तिथं ही दर वर्षी पहिली. मग चार किलोमीटरवरचं कन्नड हायस्कूल. आठवी कशीबशी काढली, नववीत गेली आणि पोट दुखायला लागलं. रोज सकाळी दुखायचं, बस गेली की थांबायचं. दवाखाना झाला, दृष्ट काढून झाली. मी फाईल उघडून तिच्या डोळ्यांत डोळे घालून बसले. ती म्हणाली, "काही न्हाई काकू," आणि मला चहा करून दिला.

पोरगी दीड महिना घरी बसली तेव्हा सत्यभामाबाईंनी मनात ठरवून टाकलं, की हे कुणातरी पोराचं प्रकरण असणार. त्यांच्या भावाचा मुलगा हरिओम आहेच. म्हणून सुपारी फोडायचं ठरलं.

मी म्हणाले, "वैनी, पंधरा वर्षांची हाय ती. कायद्यानं चालत न्हाई."

"लगीन आठराला करू. नुसती सुपारी हाय. तुझ्या पोटाला पोरगी न्हाई, तुला काय कळतंय?"

मी घरी येऊन देवापाशी दिवा लावला आणि गाणगापूरच्या दत्तमहाराजांना म्हणाले, आता तुम्हीच बघा. बालविवाह थांबवायला फोन करायचा सरकारी नंबरही फाईलमध्ये होता. तो काढून ठेवला.

सुपारी गुरुवारची. मंगळवारी हिरव्या बांगड्या भरायला राजूबाईला बोलावलं. मीही जाऊन बसले.

"हात दे माय. सैल सोड. जेवलीस का? काय केली होती भाजी?" राजूबाईनं खाली बघूनच सुरुवात केली. स्नेहाचा हात तिच्या हातात होता. "हरिओम कसा हाय? बरा हाय न्हवं?"

हात तसाच.

"बसमधी कोण तरास देतंय?"

हात तसाच. सत्यभामाबाईंची मान मात्र पुढं आली.

"शाळेत मैतरणी कोण कोण हायत? गणिताला कोण हाय? अन् कन्नडला?"

"मडिवाळप्पा सर," स्नेहा म्हणाली.

"मारतेत?"

"न्हाई. वाचायला लावतेत. उभं करून."

आणि कट्ट करून बांगडी वाढली. राजूबाईनं दुसरी घातली, तीही वाढली. मनगटावर बारीक ओरखडा उठला. सत्यभामाबाईंचा चेहरा पांढरा पडला. सुपारीच्या बांगड्या, त्याही एकाला एक लागून दोन!

"हात घेईना गं," राजूबाई ओरखड्यावर हळद दाबत म्हणाली. "आता तूच बघ बाई, गुरुवारी फोडायची का कसं."

"रविवारी पुनव. सोमवारपासून पितरं लागत्यात."

"व्हय की! माझ्या ध्यानातच न्हाई."

"मग पितरं होऊ दे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दसऱ्याला बघू."

बाहेर आल्यावर मी राजूबाईची पेटी उचलून द्यायला वाकले, तर आतल्या दोऱ्यांवर चिठ्ठ्या दिसल्या. स्नेहाचं माप दोन-चार, हे मला ठाऊक होतं. दोन-चारचा हिरवा जोड पेटीत तळाशी तसाच होता. हिनं भरायला काढल्या होत्या दोन-दोनच्या, एक माप लहान.

"राजूबाई! देवाधर्माच्या कामात असं?"

"काच मी फोडले. देवावर कामून ढकलायलीस? पाप लागलं तर मला लागंल, तू तुझी फाईल सांभाळ." मग पेटीचं झाकण लावत म्हणाली, "मला तेराव्या वर्षी नवरीचा चुडा भरले होते. हात कडक हाय का सैल, कोण बघितलंय?"

मग पेटी डोक्यावर घेतली. "चार हप्ते गावले बघ. फोन दसऱ्यापतूर थांबव. मला जमलं न्हाई तर कर, मीच सांगते कर म्हणून."

पितरं लागली तशी तिनं सत्यभामाबाईंकडं स्नेहाला मागितलं. "पितरांत बांगड्या कोण भरत न्हाई, मी मोकळीच हाय. बंडेप्पाच्या म्हातारीला कन्नड पेपर वाचून दाखवायला पोरगी पायजे. घरात बसून तर काय करायलीय ही?"

बंडेप्पांचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. त्यांची आई ठार बहिरी.

मी म्हणाले, "अगं, म्हातारीला वाचून काय कळणार?"

"म्हणून तर धाडले. चुकलं तर हासणार कोण?"

पहिल्या दिवशी स्नेहा ओसरीवर बसून अक्षर अक्षर जुळवत होती, मुंगीच्या आवाजात. म्हातारी कानाला हात लावून कन्नडमध्ये ओरडायची, "जोरात गं! जोरात!" स्नेहा जोरात. "आणखी जोरात!" चौथ्या दिवसापर्यंत तुरीच्या भावापासून लग्नाच्या जाहिरातीपर्यंत सगळं गल्लीला ऐकू यायला लागलं. आत भाकरी थापणारी सून न बघताच चूक दुरुस्त करायची, "तसं न्हवं, परत म्हण," आणि भाकरी उलटायची. हसायला कुणाला सवडच नव्हती. राजूबाई जोत्यावर पान खात बसायची. अडलं की म्हणायची, "मला इच्यारू नको, मी दुसरी पास."

एकदा स्नेहा आणि राजूबाईचं बोलणं माझ्या कानावर आलं.

"शाळेत मी वाचलं की अख्खा वर्ग हासतंय, मावशी. मराठी शाळेत मी पहिली होते."

"मग पहिल्या पहिल्यानं हासत्यातच. हासू दे की. त्यांना मराठी वाचायला लाव, तू बी हास."

पितरं संपायला तीन दिवस होते. सत्यभामाबाई दळण घेऊन चालल्या होत्या, मी मागं. बंडेप्पांच्या दारासमोर त्या थांबल्या. आतून स्नेहाचा आवाज येत होता, खणखणीत कन्नड, न अडखळता. सत्यभामाबाईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. डोक्यावर डबा तसाच धरून त्या पूर्ण बातमी संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "वाचायचं भ्या? मला वाटलं..." पदरानं तोंड पुसलं. "सांगावं न्हाई का माय मला!"

संध्याकाळी त्यांनी भावाला फोन लावला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. "न्हाई दादा, सुपारी बी न्हाई आता. पोरगी शाळंला जाणार हाय... आरं, बांगड्या वाढल्या म्हणून न्हाई, मीच म्हणायले." मी नंबराची चिठ्ठी फाईलमध्ये परत ठेवली. दत्तमहाराजांपुढं वात जरा मोठी केली.

सोमवारी स्नेहा बसनं गेली. पोट दुखलं, तरी गेली. मडिवाळप्पा सरांनी वाचायला उभं केलं. हिला म्हातारीची सवय, हिनं असं काही जोरात वाचलं म्हणे, की शेजारच्या वर्गातले मास्तर काय झालं म्हणून दारात आले. वर्ग हसला. स्नेहापण हसली, आणि पुढची ओळ वाचली.

परवा राजूबाई आली. पेटी खाली ठेवली, पाणी प्याली. मी म्हणाले, "तो हिरवा जोड काय केलीस गं?"

"दोन-चारचा? विकले की. हुलसूरच्या एका नवरीला. चोवीस वर्षांची हाय, मास्तरीण." तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला. "हात असा सैल होता बघ पोरीचा, एक बी न्हाई वाढली."