वरच्या चक्कीचं हँडल

पेरीन केर्ब्रा लग्न होऊन खालच्या चक्कीत आली, तेव्हा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या ओढ्यावर पाच पाणचक्क्या होत्या. वरच्यानं सकाळी दळण उरकून पाणी सोडायचं, मग खालच्यानं दळायचं. भांडणं रोजची, पण पाणी यायचंच. नवरा गेल्यावरही तिनं जातं बंद पडू दिलं नाही. आता दळणारी ती एकटीच उरली होती. वरची चक्की पॅरिसच्या एका दातांच्या डॉक्टरनं सुट्टीत राहायला घेतली. तळं भरलेलं शोभतं, म्हणून खाली पाणी सोडायचं दार कायम बंद.

त्या दिवशी तांगी नावाचा शेतकरी काळ्या गव्हाची पोती घेऊन आला. तिचं शेवटचं गिऱ्हाईक.

"मावशी, गेल्या खेपेलाही तसाच परत गेलो. आज दुपारच्या घंटेपर्यंत थांबतो. नाहीतर शहरात विजेच्या गिरणीवर, कायमचं. बायको घरात घेत नाही मला."

"तशी तरी कुठे घेते?" पेरीन फणकारली आणि लाकडी बूट खडखडवत वरच्या चक्कीचा चढ चढू लागली.

डॉक्टर अदबीनं वागला. तिला त्याचीच जास्त चीड आली. त्यानं सफरचंदाची दारू पुढे केली.

"मादाम, ते दार गंजलंय. उघडत नाही हो."

"फिरवून पाहिलंत? कशानं?"

त्यानं हसून तिचा पेला भरला. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या दिव्यावर गेली. रेशमी शेडखाली वाकडा लोखंडी दांडा, झिजलेली मूठ. पाण्याच्या दाराचं हँडल! त्याच्या भोकात शिसं ओतून ते लाकडी पाटावर उभं केलं होतं.

"हे काढून द्या मला."

"निघणार नाही ते. बायकोनं किती हौसेनं बनवलंय!"

"दळण अडलंय माझं!"

"पीठ दुकानात मिळतं ना, मादाम?"

तिनं पेला तसाच ठेवला. घरी जाऊन स्वतःच्या चक्कीच्या पाण्याच्या दाराचं हँडल उचललं, खांद्यावर टाकून धापा टाकत पुन्हा वर आली. दाराच्या चौकोनी खुंटीवर ते बसवून सगळं अंग घालून फिरवलं. हँडल नुसतंच गरगरलं. त्याचं भोक खुंटीपेक्षा मोठं होतं.

मग तिला आठवलं. शेजाऱ्यानं गुपचूप दार उघडून पाणी पळवू नये, म्हणून इथला प्रत्येक चक्कीवाला लोहाराकडून वेगळं माप करून घ्यायचा. सासरा तर मिशीला पीळ देऊन सांगायचा, "आपलं हँडल दुसऱ्या कुठल्याच दाराला चालायचं नाही!"

डोक्याचा रुमाल सोडून तिनं भोकात कोंबला. पुन्हा जोर लावला. रुमाल टरकन फाटला. मेलेल्या सासऱ्याला तिनं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं शिवी हासडली. खाली चर्चची घंटा वाजू लागली.

ती परतली तेव्हा तांगी पोती गाडीत चढवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"एवढी घाई?"

"घंटा झाली, मावशी."

शेवटचं पोतं त्याला एकट्याला उचलेना. पेरीननं हँडल भिंतीवर आपटलं आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"तोंड नीट बांध, मूर्खा," ती खेकसली, "गिरणीपर्यंत निम्मं सांडशील!"