मोटारीच्या सांगाड्याला शेंदूर

मोटार म्हटलं की लोकांना हौसमौज आठवते. मला अजून संताप येतो. आणि संताप तरी कुणावर करायचा? लोखंडाला काय कळतंय! कळायला हवं होतं ते आम्हां माणसांना, आणि आम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

तेव्हा आम्ही नाशकात गावाबाहेर, गंगापूरच्या रस्त्याला एका लहानशा बंगलीत भाड्यानं राहत होतो. आमचे हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. घरात हे, मी, माझ्या सासूबाई आणि यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. सासरे मी लग्न होऊन आले त्यानंतर लवकरच गेले. आणि वन्संचं तर काय सांगू! लग्न होऊन वर्ष पुरतं झालं नव्हतं, तोच नवरा विषमज्वरानं गेला आणि त्या माहेरी परत आल्या. सासऱ्यांनी हयातीत निक्षून सांगितल्यामुळे केस राहिले, एवढंच. बाकी कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर फिकट लुगडं. पहाटे उठायच्या, राब राब राबायच्या आणि घरात असून नसल्यासारख्या असायच्या.

अशा घरात एक दिवस मोटार आली. आली म्हणजे बैलांनी ओढत आणली! देवळालीच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला जाताना टाकून गेला होता, ती मोठ्या लढाईच्या आधीची गाडी. टपाचं कापड फाटलेलं, गादीत उंदरांनी संसार थाटलेला. शेजारचे वकील फाटकात उभे राहून म्हणाले, "मास्तर, पेट्रोलऐवजी कडबा लागणार वाटतं!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "घरात बसायला धड खुर्ची नाही आणि हा मोटार घेऊन आला. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही." हे आपले गाडीभोवती असे फिरत होते, की जणू घरात नवी नवरी उतरली.

यांनी ठरवलं, गाडी मुळापासून नवी करायची. वरची पत्र्याची पेटी सुटी करून पेरूच्या झाडाखाली ठेवली, चाकं काढली, इंजिन पोत्यात गुंडाळून पडवीत आणलं. उरला तो नुसता सांगाडा. दोन लांब लोखंडी पट्टे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. हे त्याला चासी म्हणत, मी शिडी म्हणायची. विटांच्या चार ठोकळ्यांवर ती शिडी अंगणात मांडली आणि हे काचकागद घेऊन गंज घासायला बसले. ड्रॉइंग मास्तरांचे हात! अर्ध्या दुपारी फोड आले, आणि गंज होता तिथंच.

वन्सं ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांना राहवेना. "दादा, सरक बाजूला. अशी का घासतात भांडी?" असं म्हणून पदर खोचला, तारेचा ब्रश घेतला आणि पट्ट्याला भिडल्या. आधी जुनं वंगण रॉकेलच्या बोळ्यानं सोडवायचं, मग ब्रश, मग काचकागद, मग कोरडं फडकं. वीतभर लोखंड उजळ निघालं तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि हसल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना असं खळखळून हसताना पहिल्यांदा पाहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना म्हटलं, "वन्सं हसतायत." सासूबाई म्हणाल्या, "ऐकलं मी," आणि चुलीतली लाकडं उगाच पुढं-मागं करत राहिल्या.

त्यानंतर दुपारची कामं उरकली की वन्सं अंगणात. हातांना रॉकेलचा वास, नखांत गंज. शेजारपाजारच्या बायका नाकं मुरडायला लागल्या, तर सासूबाईंनी एकीला चांगलं सुनावलं, "माझी लेक माझ्या अंगणात घासते. तुमच्या तर नाही ना?" माझ्या सासूबाई तोंडाच्या तिखट होत्या, पण मनानं वाईट नव्हत्या. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते.

मग इगतपुरीचे भावजी यायला लागले. हे यांचे लहानपणापासूनचे मित्र, रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये कामाला. बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नव्हतं. रविवारच्या गाडीनं यायचे, यांच्याबरोबर खटपट करायचे, जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बोलणं कमी. पण वन्सं काही विचारायला लागल्या की हातातलं काम खाली ठेवून नीट उत्तर द्यायचे. वन्संना काय काय विचारायचं असे! हा गज वाकडा झाला तर गाडी एका बाजूला ओढते का, भोकांत गंज राहिला तर काय होतं. मी पापड लाटता लाटता ऐकायची आणि मला मनातून बरं वाटायचं. कुणीतरी या बाईशी नुसत्या कामाचं नाही, तर कामाबद्दल बोलत होतं.

फाल्गुनात भावजींनी यांच्यापाशी शब्द टाकला. सरळ, आडवळण न घेता. तुझ्या बहिणीची आणि आईची संमती असेल तर मला लग्न करायचं आहे. यांचा आनंद पोटात मावेना. रात्रीचं जेवण झाल्यावर यांनी आईपुढे विषय काढला. माझा जीव मुठीत. तेव्हा विधवेचं लग्न म्हणजे नातेवाइकांत केवढा गहजब! सासूबाईंनी कंदिलाची वात खाली केली. मग म्हणाल्या, "मला जरा विचार करू दे. घाई करू नका." ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, हीच मोठी गोष्ट. वन्संना मी विचारलं तर त्या मान खाली घालून म्हणाल्या, "आई हो म्हणाली तर हो. तिचं मन मोडून मला सुख नको." म्हणजे सगळं आता सासूबाईंच्या एका शब्दावर आलं.

त्या शब्दाची वाट बघत आमचा चैत्र उजाडला. गंज पुरता निघाला होता आणि रंगाचं काम सुरू झालं. काळ्या रंगाआधी लोखंडाला शेंदराचा हात द्यावा लागतो, नाहीतर गंज पुन्हा वर येतो. रेल्वेच्या पुलांना देतात तसाच. जवसाच्या तेलात शेंदूर कालवून भावजींनी डबा तयार केला. आसपासच्या पोरांना तर गंमतच वाटली. मारुतीचा शेंदूर मोटारीला! एका म्हातारबुवांनी तर जाता जाता फाटकातून हात जोडले.

त्या दिवशी माझ्याकडे संध्याकाळी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मी आरास मांडत होते, सासूबाईंनी कैऱ्या उकडून पन्हं केलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वन्सं सांगाड्याच्या एका बाजूला ब्रश घेऊन, भावजी दुसऱ्या बाजूला आणि हे खाली उताणे पडून पट्ट्यांच्या पोटाला शेंदूर लावत होते. सासूबाई पन्ह्याचे पेले तबकात घेऊन बाहेर निघाल्या, त्यांच्या मागून मी तांब्या घेऊन.

वन्संनी घाम पुसायला मनगट कपाळावर फिरवलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता. पण भुवयांच्या अगदी मधोमध शेंदराचा ठसठशीत पट्टा उमटला होता.

आम्ही सगळे जागच्या जागी थबकलो. इतक्या वर्षांनी ते कपाळ भरलेलं दिसलं आणि काय सांगू, त्या इतक्या सुंदर दिसत होत्या! भावजींचा ब्रश थांबला. यांनी सांगाड्याखालून डोकं बाहेर काढलं, बघितलं आणि मोठ्यानं हसले. "आई, बघ! आपलं अजून बोलणं चाललंय, आणि इकडं देवानं लावूनसुद्धा टाकलं!"

अहो, कधी काय बोलावं! मी यांच्याकडे डोळे वटारले, पण तोंडातून सुटलेलं काय परत येतंय?

सासूबाईंनी तबक ओट्यावर ठेवलं. चालत लेकीपाशी गेल्या आणि पदरानं तिचं कपाळ पुसायला लागल्या. तेलातला शेंदूर तो, निघेना, उलट पसरला. तशी त्यांनी रॉकेलचा बोळा उचलला आणि एका हातानं लेकीची हनुवटी धरून खसाखसा पुसलं. कपाळ लाल होईपर्यंत पुसलं. वन्सं डोळे मिटून उभ्या होत्या. नवरा गेला तेव्हाही याच आईनं याच हातांनी तिचं कुंकू पुसलं होतं. मी नव्हते तेव्हा या घरात, पण मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुसून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पन्हं घ्या रे, माशा बसतील," आणि आत गेल्या.

वन्संनी ब्रश टरपेंटाइनच्या डब्यात ठेवला, हात पुसले आणि मागच्या दारानं आत आल्या. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्यावर मला म्हणाल्या, "वहिनी, दादाला सांगा, त्यांना नाही म्हणून कळवायला."

"अहो, पण आईंनी अजून कुठं उत्तर दिलंय?"

"दिलं की. सगळ्यांदेखत दिलं."

मी यांना सांगितलं. हे रात्रभर तळमळत होते. आपल्या एका वाक्यानं आईचं मन फिरलं असंच यांनी धरलं. सकाळी मी धीर करून सासूबाईंना म्हटलं, "वन्सं नको म्हणतायत." त्या विळीवर भाजी चिरत होत्या. थोडा वेळ विळी थांबली. "बरं. तिची मर्जी," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, सासूबाई पेचातून सुटल्या बिचाऱ्या. सुनेनं सासूला यापुढे खोदून विचारायची तेव्हा रीत नव्हती, आणि लेकानं आईला विचारावं तर तो आधीच अपराधी होऊन बसला होता.

भावजी पुन्हा आले नाहीत. यांनी काळा रंग एकट्यानंच दिला. पहिला हात सुकायच्या आत दुसरा चढवला, त्याच्या सुरकुत्या पडल्या, त्या घासल्या, पुन्हा दिला. घरात गाडीचा विषय कुणी काढत नसे. शेवटी ती उभी राहिली, धावलीही. आम्ही एकदा त्र्यंबकला जाऊन आलो. वन्सं आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या. पुढे त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागल्या आणि त्यांचं बरं चाललं. भावजींचं भुसावळकडच्या एका मुलीशी लग्न झालं, मग तिकडेच त्यांची बदली झाली.

काही वर्षांनी पिंपळगावचा एक व्यापारी गाडी बघायला आला. त्याला वरची पेटी काढून कांद्याची पोती वाहायला मालमोटार करायची होती. खाली वाकून त्यानं सांगाडा ठोकून बघितला. "लय पक्का हाय मास्तर, गंज म्हून नाय कुठं!" हे तसेच आत निघून गेले. गाडी फाटकाबाहेर पडली, आणि आम्ही तिघी बायका ओट्यावर मेथी निवडत बसलो.

सासूबाई सहज बोलाव्या तशा बोलल्या. "चांगला मुलगा होता गं तो इगतपुरीचा. मी मनाची तयारी केली होती. तुझ्यासाठी एक जरीकाठी लुगडंही बघून ठेवलं होतं सराफ बाजारापाशी. म्हटलं, हळदीकुंकू होऊ दे, मग सांगू. तर तूच नको म्हणालीस."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. वन्संनी हळूच विचारलं, "मग पुसलंस का?"

"काय पुसलं?"

त्यांना आठवेचना! आम्ही सगळ्यांनी जो क्षण एवढी वर्षं छातीवर वागवला, तो त्यांच्या ध्यानातही नव्हता. वन्सं म्हणाल्या, "शेंदूर. माझ्या कपाळावरचा."

सासूबाईंनी जरा आठवलं. "हां, ते होय? अगं, घामाबरोबर ओघळून डोळ्यात उतरत होता तो. विषारी असतो मेला, तो इगतपुरीचाच सांगत होता ना त्या सकाळी. डोळे गेले असते म्हणजे?" आणि मग लेकीकडे बघून, जरा चमकून, "का गं? तुला काय वाटलं?"

वन्संनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मला बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं. त्या नजरेनं माझं तोंड बंद केलं.

"काही नाही. असंच आठवलं," वन्सं म्हणाल्या.

"मग नको का म्हणालीस तेव्हा?"

वन्संनी मेथीची दोन-चार पानं खुडली. "तुला सोडून जायला जीव होईना माझा."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "वेडी गं माझी बाय!" म्हणत त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. आणि मग शेवटपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं सांगायच्या, "एवढं चांगलं स्थळ आलं होतं हो, पण माझी लेक मला सोडून जायला तयार झाली नाही." वन्सं तिथंच पाहुण्यांना चहा देत असायच्या. म्हणायच्या, "साखर बघा हं, कमी असेल तर सांगा."