उस्तादांची मर्दानगी

साताऱ्याहून निघालो तेव्हा मिशीला पीळ दिला होता. कारगिलहून परतून आठ वर्षं झाली होती आणि आमच्या तुकडीचे हवालदार म्हात्रे निवृत्त होऊन पनवेलला राहतात असं कळलं होतं. त्यांच्यासमोर ढिला दिसून कसं चालेल! कुणाला रस्ता विचारणं फौजीला शोभत नाही, म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने पळस्पे फाट्यावरच उतरलो. पनवेल अजून पुढे होतं. ट्रकांचा धूर खात, मर्दासारखा, अर्धा तास चाललो आणि मग मुकाट्याने रिक्षा केली.

खांदा कॉलनीत दार म्हात्रे उस्तादांनीच (फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात) उघडलं. ज्यांच्या एका आवाजावर अख्खी तुकडी ताठ उभी राहायची, तो वाघ हातात कंगवा आणि दातांत लाल रिबीन धरून उभा! मागून मुलगी ओरडली, "बाबा, दुपारची शाळा चुकेल!"

"बस रे," ते म्हणाले. "वैनी तुझी ड्युटीवर हाय. वेणी झाली की जेवू."

मुलगी शाळेत गेली. वाघाने मला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण वाढलं.

कारगिलच्या डोंगरावर तुकडीतला माझा जोडीदार बाळू गोळी लागून गेला तेव्हा मी ढसाढसा रडलो होतो. तेव्हा उस्तादांच्या याच हाताने थोबाडीत बसली होती, "बायकांसारखा रडतोस?" ती चपराक मी पदकासारखी जपली. आईच्या चितेपाशीही डोळे कोरडे ठेवले. गावाने काय कौतुक केलं!

"तुला मारलं, ते चुकलंच माझं," उस्ताद एकदम म्हणाले. "मी पण रडलो नाय. मग घरी येऊन बायकोवर हात उचलला. पोरीला घेऊन ती आपट्याला माहेरी गेली, वरीसभर. डॉक्टरला सगलं सांगितलं, तेव्हा कुठं परत आली. तुला झोप लागते का नाय?"

"मस्त लागते की!" खोटं बोलताना फौजी छाती जरा जास्तच पुढे काढतो.

त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

"कालवण तिखट आहे," मी डोळे पुसत म्हणालो.

"हाय थोडं," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. इतक्या लांब जाऊन मी काय आणलं, तर एक माफी. बायकोने विचारलं, "कसे आहेत तुमचे उस्ताद?"

मी ओट्याजवळ तिच्यापाशी बसलो. म्हणालो, "आधी तुला बाळूचं सांगतो."

लग्नाला सात वर्षं झाली होती. तिने विचारलं, "बाळू कोण?"